जुन्या रंगाची जयणा

शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटार कारखाना कुर्ल्याला होता. सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातील या उद्योगपतीचे नाव समाजात आजही आदराने घेतले जाते. त्यांच्या कंपनीची ‘प्रीमियर पद्मिनी’ मात्र आता क्वचितच दृष्टीस पडते. काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. उरलेल्या खासगी गाड्यांपैकी एखादी कुर्ल्यापुढील चौथ्या स्थानकाजवळ, कांजूरमार्गच्या एखाद्या सोसायटीत, वडिलोपार्जित ठेवीसारखी उभी असते. घरातील तरुणांचे म्हणणे ठरलेले असते : “पप्पा, एकदाची घासून नवा रंग मारून घेऊ या.” पप्पा गप्प राहतात. त्यांचे गप्प राहणे अगदीच अडाणीपणाचे नसते. सुटे भाग खटपट करून मिळतात. कारखान्यातला मूळ रंग एकदा उतरला की परत येत नाही.

आजच्या बहुतेक गाड्यांच्या रंगावर पारदर्शक लेपाचे संरक्षण असते. त्या काळच्या साध्या रंगावर ते नसे. त्यामुळे ऊन थेट रंगालाच खाते आणि पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका होतो. पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागला तर घाबरू नये. तो मृत थर असतो. पण प्रत्येक पॉलिशमध्ये थोडा जिवंत रंगही जातो. सारा थर मिलिमीटरच्या एक-दशांशाच्या आसपास. दरवाजांच्या कडांवर तर त्याहूनही कमी. बँकेच्या भाषेत सांगायचे तर पॉलिश म्हणजे व्याज नव्हे, मुद्दलातून काढलेली रक्कम. म्हणून खरखरीत कंपाउंड क्वचितच वापरावे आणि मेणाचा हात मात्र अधूनमधून द्यावा.

खरे नुकसान रोजच्या पुसण्याने होते. पहाटे एकाच बादलीत आणि एकाच फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात. बांधकामांची धूळ त्या फडक्यात बसते आणि फडके पॉलिशपेपरचे काम करते. पुसणाऱ्याला दोष देण्यापेक्षा आपल्या गाडीसाठी दोन स्वच्छ सुती फडकी त्याच्या हाती द्यावीत, हे स्वस्त पडते. पक्ष्यांची विष्ठा वाळण्याआधी ओल्या फडक्याने भिजवून उचलावी, घासू नये.

आपल्या घरांत आणखी एक विचार संभवतो. काही पॉलिशांत मधमाश्यांचे मेण असते. कार्नोबा मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते. शॅमॉय नावाचे मऊ फडके मुळात कातडे असते, तरी त्याच नावाने कृत्रिमही विकले जाते. तेव्हा दुकानदाराला विचारूनच घ्यावे. आणि गाळल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या घराने गाडीवर पाइप सोडावा, ही विसंगती डोळ्यांत खुपतेच. अर्ध्या बादलीत पद्मिनी निघते.

पावसाळ्यापूर्वी दरवाजांच्या खालची पाणी निघून जाण्याची भोके काडीने मोकळी करावीत. प्लॅस्टिकचे आच्छादन टाकू नये, आत ओल कोंडते. रंगाखाली फुगवटा दिसला तर तो आतून गंज आल्याचे लक्षण. तेथे मेण लावून भागत नाही. तेवढाच भाग खरवडून, अस्तर लावून रंगवावा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी तपासणीला न्यावी लागते, तेव्हा गंजलेला पत्रा चालत नाही. रंगाची छटा मात्र बॉनेटवरून जुळवू नये. डिकीच्या आत ऊन पोहोचत नाही. गाडी घरी आली त्या दिवशीचा रंग बहुधा तेथेच शिल्लक असतो. मुलांनाही तो एकदा दाखवावा, आणि मग रंगाऱ्याला.