घोडीची झूल

ऑनसाईटवर लीड्सला होतो तेव्हाची गोष्ट. घरमालकीणबाईंची एक घोडी होती. शनिवारी सकाळी तिला कुरणात सोडण्याआधी रग घालायचं काम मी हौसेने मागून घेतलं. पोळ्याला बैलांवर घालतात तशी झूल, एवढीच माझी कल्पना! पण बैल मिरवून घरी येतो. ही बया दिवसभर चिखलात लोळणार, उधळणार, आणि रग जागचा हलता कामा नये.

म्हणून पट्टेच पट्टे. आधी छातीवरची बकलं. मग पोटाखाली एकमेकांना छेदून जाणारे दोन पट्टे, मध्ये हाताचा पंजा मावेल इतकेच सैल. शेवटी मागच्या मांड्यांभोवतीचे दोन, एकात एक अडकवून, म्हणजे कातडी घासत नाही. काढताना मांड्यांचे सगळ्यात आधी. चक्क स्टॅक! (बाईंना हे सांगितलं, त्या नुसत्या हसल्या.)

एकदा घाईत पोटाचा पट्टा बराच सैल राहिला. तासाभराने बघतो तर लोळताना मागचा पाय त्यात अडकलेला आणि घोडी तीन पायांवर थरथरतेय.. मी धावणार तेवढ्यात बाईंनी दंड धरला. "धावू नकोस, बिथरेल ती." तिच्याशी हळू आवाजात बोलत त्या जवळ गेल्या, पट्टा सोडवला.

पायाला फक्त खरचटलं होतं. बाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पुढच्या शनिवारीही पट्टे मीच लावले. मग त्या आल्या आणि प्रत्येक पट्ट्याखाली स्वतःचा पंजा घालून बघितला.