कळलावी आणि सदाफुलीचा रस

श्रावण-भाद्रपदात गुंजवण्याहून राजगडाची वाट धरावी, तर झुडपांच्या आधाराने चढलेली कळलावी हमखास दिसते. बुडाशी पिवळ्या, शेंड्याशी लाल, वर उसळलेल्या पाकळ्या. संस्कृतात हिला अग्निशिखा म्हणतात ते उगाच नव्हे. मराठी नाव मात्र तिच्या विषारी कंदाने येणाऱ्या कळांचे. त्या नावातला धाक आम्हांला अधिक शहाणा वाटतो.

कंदात आणि बियांत कोल्चिसिन असते. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन्ही अंगांना ओढणाऱ्या सूक्ष्मनलिका ट्यूब्युलिन या प्रथिनाच्या घडतात. कोल्चिसिन त्या प्रथिनालाच चिकटते आणि नलिका बांधली जात नाही. किंबहुना ट्यूब्युलिनचा शोधच १९६०च्या दशकात कोल्चिसिनचा माग काढताना लागला. अंगणातल्या सदाफुलीतील व्हिन्क्रिस्टिनही नलिका बांधू देत नाही. यू वृक्षाच्या सालीतील टॅक्सॉल उलटे: नलिका बांधू देते, पण मोडू देत नाही, हे सुसान हॉर्विट्झ यांनी १९७९ साली दाखवले. पेशी अडकते ती दोन्हीकडे. सदाफुली आणि यू यांची कर्करोगावरची औषधे झाली. कोल्चिसिन मात्र त्या कामी फारच जहाल ठरले आणि वातरक्तासारख्या विकारांवरच्या अल्प मात्रेपुरते उरले.

आमच्या वहिनींना टॅक्सॉल सुरू झाले, तेव्हा भेटीस येणारा प्रत्येक जण सदाफुलीच्या पानांचा रस सुचवी. "झाडपाल्याचे आहे, अपाय नाही." इकडे वहिनींच्या बोटांना तांदळातला खडा कळेनासा झाला होता! मज्जातंतूंतली ने-आणही याच नलिकांवरून चालते. औषध रोगट नलिका आणि निरोगी नलिका असा भेद करीत नाही. आणि तेही झाडाचेच होते. शिवाय १ ग्रॅम व्हिन्ब्लास्टिन मिळवायला सुमारे ५०० किलो सुकी पाने लागतात. मग पेलाभर रसात औषध किती, आणि शंभरावर इतर अल्कलॉइडांपैकी काय काय, हे कोण मोजणार?

हळदीचेही तसेच. पवईच्या आयआयटीत दुलाल पांडा आणि सहकाऱ्यांनी २००६ साली कुरकुमिन ट्यूब्युलिनला चिकटते असे दाखवले. काम मोलाचे, पण खाल्लेल्या हळदीतले कुरकुमिन रक्तात फारच थोडे पोचते. असो. वहिनींनी हळद आमटीपुरती ठेवली, आणि कुणी प्रेमाने आणून दिलेला रस डॉक्टरांना विचारून मोरीत ओतला. आणणाऱ्या मावशी त्यानंतर महिनाभर आमच्याकडे फिरकल्या नाहीत.