कांकालचीं कालवें
फ्रान्समध्यें ब्रिटनी प्रांतांतील कांकाल येथें मोठ्या उधाणाच्या वेळीं भरती-ओहोटीचा फरक १४ मीटरांच्या घरांत जातो. कालवांचीं शेतें उघडीं पडतात तीं कांहीं तासांपुरतींच. तेवढ्यांत लोखंडी चौकटींवरील जाळीदार पिशव्या उलटून हलवावयाच्या, शेवाळ झाडावयाचें; नाहीं तर कालवें जाळीला चिकटून वांकडींतिकडीं वाढतात. असें सुमारें तीन वर्षें! (ज्यांच्या स्वयंपाकघरांत कालवाचें नांवही निघत नाहीं, त्या वाचकभगिनींनीं क्षमा करावी.)

१८७८ सालीं अमेरिकन चित्रकार सार्जंट यांनीं येथील टोपल्या घेतलेल्या बायका रंगविल्या. पण त्या कामाला निघालेल्या. आम्हांला छायाचित्र हवें होतें तें प्रत्यक्ष कामाचें. वांकलेल्या माणसाचें तोंड दिसत नाहीं, आणि ‘जरा इकडे पाहा’ म्हणावें, तर समुद्र थांबत नाहीं. आम्ही चिखलांत गुडघे टेकले, तेव्हां पिशवीखालचे हात दिसले. पाणी घोट्याला लागलें. ट्रॅक्टर किनाऱ्याकडे वळला.