चंद्र आणि दशांश मिलिमीटर

ओझरला रशियन वस्तूंचं कुणाला अप्रूप नाही. मिग-21 इथल्या एचएएलमध्ये बनली आणि सप्टेंबर 2025 मध्ये हवाई दलातून निवृत्तही झाली. माझी हेलिओस 44-2 मात्र अजून ड्युटीवर आहे. 58 मिमी, एफ 2, जर्मन बायोटारच्या धर्तीवरची सोव्हिएत लेन्स. तिचा झेनिट कॅमेरा कधीच मेला, काच ठणठणीत.

ती निकॉनवर बसवायची तर पंचाईत अशी, की तिला फिल्मपासून 45.46 मिमी अंतर लागतं, आणि निकॉनचं तोंडच 46.5 वर. वर कड्याची जाडी एखादा मिलिमीटर. दोन मिलिमीटर पुढे सरकलेली ही लेन्स पावणेदोन मीटरपलीकडचं काही धड दाखवत नाही. मळ्यातला द्राक्षाचा घड झकास, मागची पानं गरगर फिरल्यासारखी (हेलिओस त्यासाठीच प्रसिद्ध), पण चंद्र म्हणजे पिठाचा गोळा. मध्ये जादाचं भिंग असलेली कडी मिळतात, पण चांगल्या लेन्सला चष्मा लावणं आपल्याला पटत नाही.

पत्र्याच्या डब्याला सुईचं भोक पाडून केलेल्या कॅमेऱ्यात ही कटकटच नसते. भर उन्हात मिनिटभर उघडा ठेवा, जवळचं-लांबचं सगळं सारखंच. लेन्स आली की मोजमाप आलं.

त्र्यंबकच्या फाळक्यांनी 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी तो घरीच बनवायला घेतला. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून काम तडीस नेलं, आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' आला. फिल्म सेकंदाला कितीतरी वेळा पुढे ओढायची आणि दरवेळी भिंगामागे त्याच अंतरावर थांबवायची! मला तर एकच नळी हवी होती.

कारण मग मी जुना मिररलेस सोनी घेतला. त्याचं अंतर 18 मिमी, म्हणजे नळी 27.46 ची. गावात लेथवर हात बसलेले एक निवृत्त फिटरकाका आहेत. त्यांनी 27.6 ठेवली. "कापलेलं परत जोडता येत नाही. जास्त ठेवू, मग घासू."

त्या जादा 0.14 मिमीने नजर चोवीस मीटरवर अडली. समोरच्या गच्चीवरची टाकी स्पष्ट, पुढे धुकं. (धावपट्टीकडे कॅमेरा रोखायचा नाही, हे ओझरच्या पोराला सांगावं लागत नाही, म्हणून परीक्षेला चंद्रच.) दुसऱ्या खेपेला 27.5. तरी चंद्राची कड मऊच. तिसऱ्यांदा 27.42, आणि फोकसचं कडं शेवटाला टेकायच्या जरा आधीच कड चाकूने कापल्यासारखी!

58 मिमीला चंद्र सेन्सरवर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पडतो. काकांनी फोटो मोठा करून पाहिला, डाग मोजले, चष्मा काढला.

"एवढ्याशा ठिपक्यासाठी तीनदा आलास होय रे?"