लांबून आलेलं

शेंगदाण्याचा पुडा संपला की मी त्याचा कागद उलगडून वाचते. वहीचं फाटकं पान असो, जुन्या पंचांगाचं असो की कुठल्या दुकानाच्या खतावणीचं, वाचल्याशिवाय ते हातातून टाकवत नाही. पोस्टमनची वाट मी अजूनही बघते. रात्री झोपण्याआधी गच्चीवर जाऊन आकाश पाहून येते, आभाळ भरलेलं असलं तरी. बँकेत नोकरी केली, बदल्यांपायी बरीच गावं पाहिली, संसार केला, निवृत्त झाले. पण ओळख करून द्यायची वेळ आली की ही माहिती मला अपुरी वाटते. लांबून आलेली गोष्ट आपल्या हातांनी झेलायची, ही माझी जन्माची ओढ आहे. माझे सगळे छंद त्या एकाच ओढीतून निघाले.

सुरुवात टपाल तिकिटांपासून झाली. पाकिटाचा कोपरा कापून पाण्यात टाकायचा, सुटलेलं तिकीट टीपकागदावर पालथं वाळवायचं, चिमट्याने उचलायचं. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ ला निघालं. साडेतीन आण्यांचं, तिरंगा आणि ‘जय हिंद’ असलेलं. ते मला एका नातलगांच्या जुन्या पत्रव्यवहारात सापडलं आणि त्या रात्री मी ते उशाशी घेऊन झोपले. तरी माझा जीव तिकिटापेक्षा त्यावरच्या शिक्क्यात जास्त असे. कोणत्या गावाहून, कोणत्या तारखेला हे पत्र निघालं असेल?

मग आला रेडिओ. आमच्या घरी व्हॉल्व्हचा मोठा रेडिओ होता. रेडिओ सिलोन सगळेच ऐकत. सगळे झोपले की मी शॉर्टवेव्हवर काटा अगदी सावकाश सरकवत बसे. सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या भागातला, लहरी शोषून घेणारा एक थर विरतो आणि त्याच्याही वरच्या थरावर आपटून त्या लहरी पुन्हा जमिनीकडे येतात, पुन्हा वर जातात. अशा उड्या मारत परक्या देशाचा आवाज आमच्या माजघरात पोचायचा. ऐकलेल्या केंद्राला मी अहवाल पाठवी. तो लिहायची ठरलेली पद्धत होती: आवाजाचा जोर, दुसऱ्या केंद्रांचा अडथळा, खरखर, लहरींचा चढउतार आणि एकूण दर्जा, प्रत्येकाला एक ते पाच गुण. पाचही ठिकाणी पाच म्हणजे उत्तम. काही आठवड्यांनी त्या केंद्राचं चित्रकार्ड येई. माझं पत्र तिकडे कुणीतरी वाचलं, याचा आनंद मला आजही सांगता येत नाही.

मधल्या काळात कशिदा झाला, थोडी पेटी झाली, कोकणातल्या बदलीत नेचे गोळा करून झाले. त्यांनीही मला भरपूर दिलं, पण जीव जडला तो दुर्बिणीवर.

पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवते आहे. अशाच हौशी मंडळींमध्ये वावरताना कळलं की दुर्बिणीचा आरसा घरी घासता येतो. मग मी सहा इंची आरसा करायला घेतला. काचेच्या दोन जाड चकत्या, मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची भुकटी. खालची चकती पिंपावर पक्की बसवायची, वरची दोन्ही हातांनी मागेपुढे रेटायची, थोडी फिरवायची आणि आपणही पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. वरची काच आपोआप खोलगट होत जाते, खालची फुगीर. आधी भरड भुकटी, मग बारीक, मग त्याहून बारीक. घासण्याचा आवाज बदलत जातो. पहिल्यांदा वाळूवर खडू ओढावा तसा, शेवटी शेवटी नुसती सळसळ. एवढा खटाटोप करून मध्यभागी खोली किती येते? चार फूट नाभीअंतराच्या सहा इंची आरशाला सव्वा मिलिमीटरही नाही.

खरी कसोटी त्यानंतर. डांबराच्या थरावर सेरियम ऑक्साइडने चकाकी आणायची आणि फूकोच्या पद्धतीने आरसा तपासायचा. एका बारीक छिद्रातून प्रकाश सोडायचा, आरशावरून परतलेला झोत ब्लेडच्या धारेने हळूच कापायचा आणि काचेवर उमटणाऱ्या सावल्या वाचायच्या. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी चूक त्यात उघडी दिसते. शेजारचा मुलगा बघायला आला होता. मी त्याला काचेवर अंगठा थोडा वेळ टेकवायला सांगितला आणि मग ब्लेडमागे डोळा लावायला लावला.

“काकू, हे टेंगूळ कसलं?”

“तुझ्या अंगठ्याची ऊब आहे ती. तेवढ्या उबेनं काच फुगली.”

टेंगूळ विरेपर्यंत तो डोळा काढेना. पुढे आरशावर ॲल्युमिनियमचा थर चढवून आणला, नळी बसवली आणि गावाबाहेरच्या माळावर देवयानी दीर्घिका पाहिली. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला तो उजेड मी घासलेल्या काचेवर पडून माझ्या डोळ्यात आला. त्या रात्री मी रडले.

आता गुडघे माळावर जाऊ देत नाहीत, म्हणून मोडी शिकले. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या आणि त्यांना अक्षरं टांगत जायची. हात शक्यतो उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा नाही; वाक्य कुठे तुटतं ते अर्थानेच ठरवायचं. तारखा तर आणखी गमतीच्या. ‘खमस सबैन मया अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणून शुहूर सन ११७५, इसवीचं १७७४-७५. हे पहिल्यांदा कुणाच्या मदतीशिवाय उलगडलं तेव्हा मी घरात सगळ्यांना हाका मारल्या होत्या.

हल्ली लोक घरातली जुनी दफ्तरं घेऊन येतात. बहुतेकांना वतनाचा कागद हवा असतो. मला त्याच गठ्ठ्यातले गूळ, तेल, बैलाच्या वैरणीचे हिशेब जास्त आवडतात, कारण त्यांतून माणसं कशी जगत होती ते कळतं. सध्या एका कुटुंबाचं रुमालात बांधलेलं दफ्तर माझ्याकडे आहे. त्यात एक कारकून पुन्हा पुन्हा एका गावचं नाव लिहितो आणि त्यातलं मधलं अक्षर मला लागत नाही. ‘भ’ धरलं तर एक गाव होतं, ‘म’ धरलं तर दुसरं. त्याच कारकुनाच्या हातचे आणखी कागद त्यांच्या चुलत घरी आहेत म्हणे. ते रविवारी येणार आहेत.