आई, तू राहिलीस!

आमच्या घरात नात्यांचा मोठा घोळ होता. बाबा आजीला 'आई' म्हणायचे, म्हणून आम्हीही आजीला 'आई'च म्हणू लागलो. काका आमच्या आईला 'वहिनी' म्हणायचा, म्हणून आमची आई झाली 'वहिनी'! शाळेत 'माझी आई' या विषयावर निबंध आला, की बाई चक्रावून जायच्या. या मुलाची आई रात्री दात काढून वाटीत कशी ठेवते, हे त्यांना काही केल्या कळत नसे.

तर मुलांनो, ही आमची दात वाटीत ठेवणारी आई. आम्ही पुण्यात नारायण पेठेत राहायचो. घरात माणसं नऊ आणि आईच्या तऱ्हा मात्र नव्याण्णव!

तिचा हिशेब अखेरपर्यंत आण्यांत चालायचा. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले. पण आईला ते कधी पटलंच नाही. कोथिंबिरीची जुडी तिच्या लेखी 'चार आण्यां'ची किंवा 'आठ आण्यां'चीच. पुढे ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचं नाणं चलनातून गेलं, तेव्हा तिच्या डब्यात अशी मूठभर नाणी निघाली. "सरकारला नको असतील, पण मला हवीत," असं म्हणून तिनं तो डबा पुन्हा माळ्यावर ठेवून दिला.

हो, माळ्यावर! आमच्या घरात महत्त्वाची वस्तू खाली ठेवायची नाही, असा कडक नियम होता. रेशनकार्ड माळ्यावर. आमच्या शाळेचे दाखले माळ्यावर. फोटोंचा अल्बमही तिथेच. दुधाच्या रिकाम्या पिशव्या आई धुऊन दोरीवर वाळवायची आणि त्यांत काड्यापेट्या, कागदपत्रं, सुईदोरा असं सगळं गुंडाळून दोऱ्यानं बांधायची. प्रगतीपुस्तकावर सही हवी असली, की शिडी लावून वर चढणं आणि चार गाठी सोडणं आलंच!

सकाळी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर बातम्या लागल्या, की घरात टाचणी पडलेलीही ऐकू यायला हवी. निवेदकानं नमस्कार केला, की आई पोळपाटावरून मान वर करून "नमस्कार हो!" म्हणायची. पावसाळ्यात तर तिचा कान रेडिओलाच चिकटलेला असे. 'खडकवासला धरणातून वीस हजार क्युसेक पाणी सोडलं,' असं ऐकलं, की ती काकाला विचारायची, "अरे, क्युसेक म्हणजे किती बादल्या?"

काकानं एकदा पाटीवर गणित करून दाखवलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे सुमारे अठ्ठावीस लिटर. आपल्या न्हाणीघरातल्या साधारण दोन बादल्या! मग वीस हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला चाळीस हजार बादल्या. आई गप्प झाली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "त्या दिवशी किती असतील रे?"

'तो दिवस' म्हणजे १२ जुलै १९६१. दरवर्षी त्या तारखेला आमच्याकडे फक्त पिठलं-भात व्हायचा आणि जेवताना आई ती गोष्ट सांगायची.

पानशेतचं मातीचं धरण तेव्हा नुकतंच उभं राहत होतं, पूर्ण झालं नव्हतं. पावसानं ते भरलं आणि खचू लागलं. लष्कराच्या जवानांनी रात्री वाळूची पोती रचून ते धरून ठेवायची शिकस्त केली. पण सकाळी धरण फुटलंच. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही टिकलं नाही. मुठेचं पाणी लकडी पुलावरून गेलं, पेठांमधे शिरलं. दिवस होता म्हणून पुष्कळ लोक वाचले. रात्र असती तर काय झालं असतं, याची कल्पनाही करवत नाही.

आई तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. काका तिच्या कडेवर आणि सहा वर्षांचे बाबा तिचं बोट धरून. पर्वतीकडे धावणाऱ्या गर्दीत ते बोट सुटलं. "मागे वळून पाहिलं, तर हात रिकामा," एवढं बोलून आई दरवर्षी थांबायची आणि पाणी प्यायची.

संध्याकाळ झाली तरी ती पर्वतीच्या पायऱ्यांवर चढत-उतरत हाका मारत होती. शेवटी एका अनोळखी बाईंच्या मांडीवर बाबा सापडले. पिठलं-भात खात होते! त्या बाईंनी आईलाही ताट वाढलं. त्यांचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं. पुढे कित्येक दिवस शहराला नळाचं पाणी नव्हतं, कारण ते यायचं खडकवासल्याहून. घरात भिंतीच तेवढ्या उरल्या होत्या. ट्रंकेतल्या कागदांचा लगदा झाला होता. लग्नाचा एकुलता एक फोटोही गेला.

आता कळलं ना, रेशनकार्ड माळ्यावर का असायचं?

तिची सगळ्यात मोठी तऱ्हा मात्र रात्रीची. दिवा मालवण्याआधी ती दारात उभी राहून अंथरुणावरची डोकी मोजायची. "एक, दोन, तीन..." आणि दर वेळी आठावर अडायची. पुन्हा मोजायची. पुन्हा आठच! मग आम्ही पांघरुणातून ओरडायचो, "आई, तू राहिलीस!" "अगंबाई, खरंच की!" असं म्हणत ती हसायची, स्वतःच्या छातीवर हात ठेवून "नऊ" म्हणायची आणि मगच दिवा मालवायची. इतकी वर्षं मोजलं, पण स्वतःला धरायचं तिला एकदाही सुचलं नाही.

२०१४ साली आई गेली. त्या रात्री घर पाहुण्यांनी भरलं होतं. कुणी फारसं बोलत नव्हतं. झोपायची वेळ झाली तसे बाबा उठले आणि कधी नव्हे ते दारात जाऊन उभे राहिले. "एक, दोन, तीन..." बारापर्यंत आले आणि थबकले. पुन्हा मोजलं. पुन्हा बाराच.

तेवढ्यात माझी पाच वर्षांची भाची पांघरुणातून डोकं बाहेर काढून म्हणाली, "आजोबा, तुम्ही राहिलात!"

हे तिला कुणीच शिकवलेलं नव्हतं. बाबांनी छातीवर हात ठेवला, "तेरा" म्हणाले आणि दिवा मालवला.