रिद्धपूरच्या ओट्यांपाशी

आमच्या कार्यालयातील एक सहकारी महानुभाव पंथाचे. "भाऊ, एकदा रिद्धपूर पाहूनच घ्या," असा त्यांचा वर्षभर आग्रह. घरी विषय काढताच सौ. म्हणाल्या, "आपण बुद्धाचे. तिथं जाऊन डोकं टेकवायचं काय?" प्रश्न रास्त होता. तरी गेलो.

रिद्धपूर मोर्शी तालुक्यातले. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू येथले. म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' येथेच सिद्ध केले. मराठीचा तो आद्य गद्यग्रंथ. मराठी भाषा विद्यापीठही २०२४ मध्ये येथेच सुरू झाले.

नवख्या माणसाला येथे दिसतात ते साधे ओटे. स्वामी जेथे बसले, जेवले, निजले, त्या जागी हे ओटे बांधले आहेत. 'स्थानपोथी'त अशा जागा दिशेसकट लिहून ठेवल्या आहेत. आमची धाकटी चालून दमली आणि नेमकी एका ओट्यावर जाऊन बसली! मी ओरडणार, तोच एक वृद्ध तपस्विनी हळूच म्हणाल्या, "बाई, इथं आमचे स्वामी बसले होते, म्हणून आमी नाई बसत." पोरगी मुकाट्याने उठली. मला वेरूळ आठवले. तेथे एक पोरगा फोटोसाठी बुद्धमूर्तीच्या मांडीवर चढला होता, तेव्हा मी किती संतापलो होतो!

सौं.नी सरळच विचारले, "आम्ही बौद्ध. दंडवत घालत नाही. चालंल का?"

"नका घालू. चपला बाहेर ठेवल्या न, झालं."

आम्ही हात जोडून उभे राहिलो. फोटो मात्र विचारूनच काढला.

गोविंदप्रभू महार-मांगांच्या घरी जात, त्यांचे अन्न खात, म्हणून गावातले ब्राह्मण चिडत. पाण्यावाचून तळमळणाऱ्या मातंगांसाठी त्यांनी विहीर करवली, असे त्यांचे चरित्र सांगते. चवदार तळ्याच्या आधी साडेसहाशे वर्षांची ही गोष्ट. मात्र हक्काने पाणी घेणे वेगळे आणि कोणी दयेने देणे वेगळे, हे मी मुलींना तेथेच सांगितले. तपस्विनीबाईंनी ते ऐकले. रागावल्या नाहीत, उलट माठातले पाणी दिले.

डब्यात सुकटाची चटणी होती. महानुभाव मांस-मासे खात नाहीत, त्यामुळे डबा काही तेथे उघडला नाही. एसटीच्या थांब्यावर येऊन जेवलो, तोवर चार वाजून गेले होते.